नव्या घराची बिले आणि आगाऊ भरणा

चातुर्मासाची सांगता झाली की मुनिसंघ विहाराला निघतो. ज्या गावातून तो निघतो तेथे त्याचे कसलेही येणे उरत नाही आणि देणेही उरत नाही. गृहस्थाचे स्थलांतर इतके सुटसुटीत नसते. कपाटे आणि पेट्या टेंपोत चढतात, नव्या घरी कलश ठेवला जातो, मंगलपाठ होतो, आप्तेष्ट जेवून जातात. तरी जुन्या घराची काही देणी आणि नव्या घराची काही नवी देणी दाराशी उभीच असतात. घर बदलणे हा जसा भावनेचा विषय आहे तसाच तो हिशेबाचाही आहे, आणि हिशेब म्हटला की आपल्या समाजाला तो परका नाही.

सांगलीहून एका श्राविका भगिनींचे पत्र आले आहे. गणपती पेठेत खाली दुकान आणि वर माडीवर घर, अशा वास्तूत या कुटुंबाच्या तीन पिढ्या गेल्या. आता दुकान तेथेच आहे आणि बिऱ्हाड विश्रामबागेतील एका सदनिकेत आले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की विजेचे, सोसायटीचे, घरपट्टीचे, इंटरनेटचे असे सर्व पैसे वर्षभराचे एकदम भरून टाकावेत. डोक्यावर देणे ठेवून नव्या घरात झोप कशी लागावी? यजमानांचे म्हणणे असे की हळदीच्या हंगामात हातातला रुपया बाजारात फिरला पाहिजे. तो बिलांत गुंतवणे म्हणजे भांडवलाला कुलूप लावणे. “यजमान खरेदीसाठी सतत बाहेरगावी असतात. पैसे ते भरतात. तारखा मात्र मी लक्षात ठेवाव्यात अशी सर्वांची अपेक्षा असते. मी कोणाचे ऐकू?” असे या भगिनी विचारतात.

प्रश्न एका घराचा नाही. पेठेतील वाड्यांतून उपनगरांत गेलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांत हाच संवाद झालेला असतो. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

अनामत, आगाऊ आणि थकबाकी

दुकानाच्या खतावणीत आपण ज्या तीन गोष्टी कधीही एकत्र करत नाही, त्या घराच्या बाबतीत मात्र सर्रास एकत्र करतो. अनामत ही परत मिळणारी रक्कम आहे. आगाऊ भरलेली रक्कम हळूहळू खर्ची पडणारी आहे. थकबाकी ही आपल्याकडून दुसऱ्याला जाणे असलेली रक्कम आहे. “वीज मंडळात आपले पैसे आहेत” एवढे म्हटल्याने त्यांपैकी कोणते, हे कळत नाही.

वीजजोडणी घेताना भरलेली रक्कम ही सुरक्षा अनामत असते. वीज कायदा, २००३ च्या कलम ४७ प्रमाणे या अनामतीवर ग्राहकाला किमान बँक दराने व्याज मिळते आणि ते बिलात जमा दाखवले जाते. याउलट, बिलाच्या रकमेपेक्षा जास्त भरलेले पैसे पुढील बिलांतून वजा होत जातात. त्यामुळे आगाऊ भरताना पावतीवर आणि पुढच्या बिलावर ती रक्कम कोणत्या सदरात पडली, हे पाहणे आवश्यक आहे. अनामत संपत नाही, आगाऊ रक्कम संपते. आणि ती संपल्याचे कोणी दार वाजवून सांगत नाही.

गॅसच्या जोडणीचेही असेच आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांसाठी दिलेली रक्कम ही अनामत आहे आणि जोडणीच्या वेळी मिळालेले व्हाउचर हा तिचा पुरावा आहे. घर बदलताना सर्वांत आधी गहाळ होतो तो नेमका हाच कागद.

आधी नाव, मग पैसा

सासूबाईंचा आग्रह योग्य भावनेतून आलेला आहे. देणे वेळेवर चुकवण्याची घाई असणे हे प्रतिष्ठित घराचे लक्षण आहे. परंतु नव्या घरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मोठी रक्कम भरण्यात एक धोका आहे. विजेचे खाते अजून विकणाऱ्याच्या नावावर असते. घरपट्टीच्या नोंदवहीत मालक म्हणून जुनेच नाव असते. अशा वेळी भरलेला पैसा कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या खात्यात जातो. उद्या काही वाद झाला तर आपण भरले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम विकणाऱ्याकडून विजेचे अखेरचे भरलेले बिल, घरपट्टीची पावती आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. ताबा घेण्याच्या दिवशी मीटरचे वाचन दोघांनी मिळून पाहावे आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. त्यानंतर नावबदलाचे अर्ज करावेत. महावितरणकडे नाव बदलताना जुनी अनामतही आपल्या नावे करून घ्यायची असेल तर पूर्वीच्या ग्राहकाची संमती लागते. ती खरेदीखताच्या दिवशीच लिहून घेतलेली बरी, कारण नंतर विकणारा पुण्याला मुलाकडे गेला की पत्रव्यवहार लांबतो.

हे सर्व औपचारिक वाटेल, पण त्यामागे कारण आहे. आधीच्या मालकाने थकवलेले वीजबिल नव्या मालकाकडून मागता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मे २०२३ मध्ये केरळमधील एका प्रकरणात न्यायालयाने असे ठरवले की संबंधित नियमांत तशी तरतूद असेल, तर नव्या मालकाला वीजजोडणी देताना जुनी थकबाकी भरण्याची अट घालता येते. घर स्वस्तात मिळाले म्हणून आनंद मानणाऱ्याने त्या घराचे अखेरचे बिलही पाहावे.

घरपट्टीबाबत महापालिका कायद्याचा नियम वेगळ्या बाजूने कडक आहे. मालमत्तेचे हस्तांतर झाल्यावर तीन महिन्यांच्या आत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आयुक्तांना लेखी कळवणे आवश्यक असते. तसे कळवेपर्यंत कराची जबाबदारी विकणाऱ्यावरही राहते. म्हणजे जुने घर विकून निघणाऱ्याचे काम किल्ल्या सुपूर्द करून संपत नाही.

सदनिकांच्या इमारतीत आणखी एक गोष्ट तपासावी. तळमजल्यावरील फलकावर एका रांगेत वीस-पंचवीस मीटर असतात आणि त्यांवरील सदनिका क्रमांक कधी पुसट, कधी चुकीचे असतात. आपल्या घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि आपला समजलेला मीटर खरोखर थांबतो का ते पाहावे. त्यानंतर त्या मीटरचा क्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळवावा. ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक या दोन भिन्न गोष्टी आहेत. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो. मोबाइलवरून भरताना क्रमांक टाकल्यावर ग्राहकाचे नाव समोर येते; ते वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. एका अंकाच्या चुकीने गेलेली वर्षभराची रक्कम परत मिळवण्यात जो वेळ जातो, त्यात सर्व बिले वेळच्या वेळी भरून झाली असती.

यजमानांच्या हिशेबाची परीक्षा

आता भांडवलाचा मुद्दा. समजा, सोसायटीचे मासिक शुल्क ३,००० रुपये आहे. वर्षाचे ३६,००० एकदम भरले तर संपूर्ण ३६,००० वर्षभर अडकतात असे नाही. दर महिन्याला त्यातले ३,००० देय होतच असतात. पहिल्या महिन्याचे तर आजच द्यायचे होते. उरलेल्या अकरा महिन्यांचा विचार केला तर सरासरीने सुमारे १६,५०० रुपये वर्षभर अडकले, असे म्हणता येईल. बँकेच्या सात टक्के व्याजाने त्याची किंमत १,१५५ रुपये होते. यजमानांचा रुपया बाजारात यापेक्षा अधिक फिरत असेल, तर किंमत त्या प्रमाणात वाढेल.

आता दुसरी बाजू पाहा. सोसायटीने वर्षाची रक्कम एकदम भरणाऱ्यास पाच टक्के सूट दिली तर १,८०० रुपये वाचतात. १६,५०० वर १,८०० म्हणजे सुमारे अकरा टक्के. अकरा महिन्यांचे भरा आणि बारावा महिना माफ, अशी योजना असेल तर ३,००० रुपये वाचतात आणि हा दर अठरा टक्क्यांवर जातो. कोणतीही जोखीम न घेता इतका परतावा देणारा माल बाजारात सहसा मिळत नाही. सूट अजिबात नसेल तर मात्र आगाऊ भरणे म्हणजे सोसायटीला बिनव्याजी उसने देणे होय. या एका गणिताने घरातील निम्मा वाद मिटावा.

घरपट्टी तर मुळातच आगाऊ देय असलेली रक्कम आहे. महापालिका क्षेत्रात ती १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ द्यायची असते आणि थकल्यास दरमहा दोन टक्के दंड चढतो. दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस. इतक्या दराने कोणी कर्ज देऊ केले तर आपण त्याची पायरी चढणार नाही. शिवाय वर्षाच्या आरंभी पूर्ण रक्कम भरणाऱ्यास अनेक ठिकाणी सवलत असते. पुणे महापालिका ३१ मेपर्यंत भरणाऱ्यास सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सूट देत आली आहे. आपल्या गावची सवलत नगरपालिका किंवा महापालिकेच्या कार्यालयात विचारून घ्यावी. येथे सासूबाईंचे म्हणणे पूर्णतः ग्राह्य आहे.

विजेचे बिल वापरावर ठरते. नव्या घरात पंखे किती, पाणी तापवण्याचे यंत्र कोणते, वातानुकूलन लावणार की नाही, यावर ते अवलंबून असते, आणि पहिली तीन बिले आल्याशिवाय सरासरी समजत नाही. पहिले तीन महिने बिल वाचून भरावे. त्यानंतर यजमानांच्या प्रवासाचा विचार करून दोन-तीन महिन्यांची रक्कम खात्यात आगाऊ ठेवावी. वर्षाची ठेवण्यात विशेष लाभ नाही आणि एक तोटा आहे. खात्यात मोठी शिल्लक असली की बिल उण्या रकमेचे येते, आणि उण्या रकमेचे बिल कोणी वाचत नाही. पाण्याची टाकी गळत असेल, पंप रात्रभर चालत असेल, मीटर वेडेवाकडे फिरत असेल, तर ते बिलावरूनच कळते. वर्षभर न वाचलेले बिल हे वर्षभर न मोजलेल्या गल्ल्यासारखे आहे.

एक दिवस उशीर झाला तर अंधार होईल, या भीतीने अनेक वृद्ध माणसे बेचैन होतात. त्यांना सांगावे की थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे. उशिराचा आकार लागेल. घर अंधारात जाणार नाही. हे ऐकून त्यांची रात्रीची झोप परत येत असेल, तर तोही एक लाभच.

इंटरनेट, केबल, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची देखभाल या खासगी सेवांचे विक्रेते मात्र वर्षाच्या योजनेचा आग्रह धरतात आणि सूटही मोठी दाखवतात. नव्या घरात पहिले दोन महिने मासिक योजनाच घ्यावी. सेवा कशी आहे, बोलावल्यावर माणूस येतो का, हे कळल्यावर वर्षाचा विचार करावा. व्यापारी नव्या पेढीला पहिल्याच सौद्यात पूर्ण रक्कम आगाऊ देत नाही; घरानेही देऊ नये. इमारतीचा कारभार अद्याप बांधकाम व्यावसायिकाकडे असेल आणि तो देखभालीची मोठी रक्कम आगाऊ मागत असेल, तर पावती निराळी घ्यावी आणि सोसायटी स्थापन झाल्यावर उरलेल्या रकमेचा हिशेब तिच्याकडे यायला हवा, हे लक्षात ठेवावे.

न दिलेले घेणे

आतापर्यंतचा विचार लाभ-हानीचा झाला. यापुढचा विचार आचाराचा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे.

अनेकदा असे घडते की घर विकणारा माणूस वृद्ध असतो. त्याच्या मुलाने परगावहून सोयीसाठी विजेच्या खात्यात काही हजार रुपये आगाऊ भरून ठेवलेले असतात. व्यवहाराच्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. नवे कुटुंब राहायला येते आणि पहिली दोन-तीन बिले शून्याची येतात. घरातले म्हणतात, वास्तू लाभली. वस्तुतः वास्तू लाभलेली नाही. विकणाऱ्याचे पैसे वापरले गेले आहेत.

अचौर्य अणुव्रताचा पाठ आपण लहानपणापासून ऐकतो. न दिलेली वस्तू घेणे यालाच तत्त्वार्थसूत्राने चोरी म्हटले आहे. त्यात कुलूप तोडण्याची अट नाही आणि रात्रीच्या वेळेचीही अट नाही. खरेदीखतात भिंती आल्या, वाटा आला, वाहनतळ आला. ती आगाऊ रक्कम आली नाही. ती आपणास दिली गेलेली नाही. म्हणून पहिल्या बिलात जमा दिसणारी रक्कम पाहून विकणाऱ्याला दूरध्वनी करणे आणि ती परत करणे, हे नव्या घरातील पहिले धर्मकृत्य मानावे. सोसायटीकडे भरलेल्या पुढच्या महिन्यांच्या शुल्काचे आणि सहामाही घरपट्टीचेही तसेच. ताब्याच्या तारखेपर्यंतचे त्यांचे आणि त्यानंतरचे आपले, अशी विभागणी कागदावर करून दोघांनी सही करावी. रक्कम लहान असेल. पण नव्या घराच्या वहीतले पहिले पान कसे लिहिले जाते, त्यावर पुढची पाने ठरतात.

हाच न्याय आपण सोडून आलेल्या घरालाही लागू आहे. महापालिका दंड लावून पैसे वसूल करते. दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, इस्त्रीवाला आणि भांडी घासणारी बाई यांच्याकडे दंडाची सोय नसते. टेंपो गल्लीतून बाहेर पडला की त्यांचे येणे बुडाले. पेठ सोडण्यापूर्वी या प्रत्येकाला बोलावून हिशेब मिटवावा, आणि जमल्यास महिना पूर्ण झालेला नसला तरी पूर्ण महिन्याचे द्यावे. आगाऊ देण्याची हौस असेल तर ती येथे भागवावी. सांवत्सरिक क्षमापनेने मनातील गाठ सुटते. वहीतील बाकी मात्र फेडल्यावरच सुटते.

मोकळी झालेली माडी

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. बिऱ्हाड हलल्यावर दुकानावरची माडी मोकळी होते. लवकरच तेथे पोती येतात, मग टेबल येते, मग मुनीमजी तेथेच बसू लागतात. विजेचा मीटर मात्र घरगुतीच राहतो. घरगुती दराची वीज व्यापारासाठी वापरणे हा वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. किती काळ असा वापर झाला हे निश्चित करता आले नाही, तर मागील बारा महिने धरले जातात. शासनाच्या नियमांचे उल्लंघन हा अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे, हेही येथे आठवावे. माडीचा उपयोग गोदामासाठी करायचा असेल तर जोडणीचा प्रकार बदलून घ्यावा. करायचा नसेल तर मीटर ठेवायचा की जोडणी कायमची बंद करायची, याचा निर्णय करावा. एकही युनिट न जाळता स्थिर आकार चालूच राहतो.

दुकानाच्या खात्यातून घराची बिले आगाऊ भरली जात असतील, तर ती पेढीच्या खर्चात न टाकता घरखर्चाची उचल म्हणून लिहावीत. घर आणि दुकान एका छपराखाली होते तोवर ही सरमिसळ दिसत नव्हती. आता दोन छपरे झाली आहेत; वह्याही दोन व्हाव्यात.

वही कोणाच्या हाती

सर्वांत शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. “मी कोणाचे ऐकू?” या प्रश्नातच एक गृहीत धरलेले आहे: निर्णय इतरांचा आणि आठवण ठेवण्याचे काम माझे. ज्या घरात असे चालते तेथे पैसे आगाऊ भरले काय किंवा मागून भरले काय, गोंधळ राहणारच. यजमान हंगामात बाहेरगावी असताना खाते क्रमांक त्यांच्या भ्रमणध्वनीत आणि पावत्या त्यांच्या पेटीत, ही व्यवस्था सुरळीत दिवसांपुरतीच ठीक आहे. कुटुंबप्रमुख आजारी पडतो किंवा अकस्मात जातो, तेव्हा घरच्यांना कोणत्या खात्यात काय आहे हेच ठाऊक नसते, आणि दिवंगताच्या नावावरील अनामती व आगाऊ रकमा वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात.

म्हणून एक साधी वही करावी. प्रत्येक सेवेला एक पान द्यावे. वर खात्याचे नाव आणि क्रमांक. खाली अनामत किती, आगाऊ किती, कोणत्या महिन्यापर्यंतचे, शेवटचे वाचन किती आणि पैसे कोणी भरले. वही घराच्या कपाटात असावी आणि जी व्यक्ती त्या घरात दिवसभर वावरते तिच्या हाती असावी. आगाऊ भरण्याची मर्यादाही तिनेच सुचवावी. व्यापारात गल्ल्यावर बसणाऱ्याला आपण खरेदीचा सल्ला विचारतो. घराच्या गल्ल्यावर बसणारीला का विचारू नये?

तेव्हा भगिनींनी असे करावे. नावे बदलेपर्यंत आणि पहिली तीन बिले वाचून होईपर्यंत मोठी रक्कम कोठेही भरू नये. घरपट्टी सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे एप्रिलमध्येच पूर्ण भरावी. सोसायटीने सूट दिली तर वर्षाचे, नाही तर तिमाहीचे भरावे. विजेच्या खात्यात दोन-तीन महिन्यांची शिल्लक असावी आणि बिल तरीही दर महिन्याला उघडून वाचावे. खासगी सेवा महिन्यामहिन्याने घ्याव्यात. यात सासूबाईंची निश्चिंती राहते आणि यजमानांचे भांडवलही फारसे अडकत नाही.

परिग्रहपरिमाण व्रतात मर्यादा घालण्याच्या वस्तूंच्या यादीत जमीन आणि घर यांचे नाव पहिले येते. घर घेताना आपण त्याची मर्यादा ठरवली असेल वा नसेल. निदान त्या घराच्या देण्याघेण्याची मर्यादा आपल्याला दर महिन्याला दिसत राहावी, एवढे तरी करता येते. पुढील अंकात वारसांच्या नावनोंदणीविषयी आलेल्या पत्रांचा विचार करू.